शीख परंपरेतील नामसिमरन कसे करावे

शीख उपासनेत मूर्ती नाही, यज्ञ नाही, व्रते आणि उपासतापास नाहीत. तिच्या केंद्रस्थानी नाम आहे. ‘नाम जपो, किरत करो, वंड छको’ या तीन आज्ञा गुरू नानकदेवजींच्या शिकवणुकीचे सार म्हणून सांगितल्या जातात. नाम जपावे, प्रामाणिक कष्टांवर जगावे आणि मिळालेले वाटून खावे, असा त्यांचा आशय आहे, आणि पहिली आज्ञा उरलेल्या दोन आज्ञांपासून वेगळी काढून पाळता येते असे ही परंपरा मानत नाही. मराठी वाचकाला नामस्मरण नवे नाही. अभंग आणि नामसंकीर्तन यांच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला गुरबाणीतील, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबातील वाणीतील, बरेच काही ओळखीचे वाटते, आणि संत नामदेवांची पदे गुरू ग्रंथ साहिबात असल्यामुळे ही ओळख वरवरचीही नाही. तरीही जपसंख्येचा संकल्प, अनुष्ठान, मुहूर्त, कानात सांगितलेला गुप्त मंत्र अशा ज्या कल्पना ‘मंत्र’ म्हटल्याबरोबर मनात येतात, त्या येथे बहुतांशी बाजूला ठेवाव्या लागतात. नामसिमरन सुरू करण्यासाठी दीक्षा घेतलेली असणे आवश्यक नाही. जाती, लिंग, वय यांची अटही नाही. पुढील मार्गदर्शन ज्याला ही साधना प्रत्यक्ष करून पाहायची आहे, किंवा निदान ती आतून समजून घ्यायची आहे, अशा वाचकासाठी आहे.

कोणते नाम जपावे

गुरू ग्रंथ साहिबात ईश्वराला एकच नाव नाही. हरि हे नाव सर्वाधिक आढळते; त्याबरोबर राम, गोबिंद, गोपाल, माधो, मुरारी, बीठल ही नावे येतात आणि अल्लाह, खुदा, रहीम, करीम, साहिब हीदेखील येतात. निरंकार, निरंजन, अकाल, अगम, अगोचर ही नावे त्याला काय लागू होत नाही हे सांगून त्याच्याकडे बोट दाखवतात. पाचवे गुरू अर्जनदेवजी रामकली रागातील एका शबदात, म्हणजे पदात, म्हणतात, ‘कोई बोलै राम राम कोई खुदाइ ॥ कोई सेवै गुसईआ कोई अलाहि ॥’ या नावांपैकी कोणतेही वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: गुरबाणीतील राम हा अयोध्येचा राजा नव्हे आणि गोपाल हा गोकुळातील बालक नव्हे. सर्वत्र भरून राहिलेल्या, जन्म न घेणाऱ्या एकाच परमेश्वराला उद्देशून ही नावे वापरलेली आहेत. संत नामदेवांचे ‘ईभै बीठलु ऊभै बीठलु बीठल बिनु संसारु नही’ हे पद गुरू ग्रंथ साहिबात वाचताना विठ्ठलाचा हाच सर्वव्यापी अर्थ समोर येतो.

नावांच्या या गर्दीबद्दल स्वतः गुरूंचे म्हणणे काय आहे हेही पाहण्यासारखे आहे. मारू रागातील एका रचनेत गुरू अर्जनदेवजी म्हणतात, ‘किरतम नाम कथे तेरे जिहबा ॥ सतिनामु तेरा परा पूरबला ॥’ जीभ तुझी जी नावे उच्चारते ती तुझ्या कृतींवरून, गुणांवरून पडलेली नावे आहेत. ‘सत्’ हे तुझे मूळचे, सर्वांच्या आधीचे नाम आहे. दहावे गुरू गोबिंदसिंगजी यांच्या जाप साहिबात 199 पदे आहेत, आणि तेथे नावांचा अक्षरशः पूर वाहतो. परंतु त्याच रचनेच्या आरंभी ते विचारतात की तुझी सर्व नावे कोण सांगू शकेल, शहाणे लोक तुझ्या कर्मांवरूनच तुझी नावे वर्णन करतात. लगेच पुढे ‘नमसतं अनामे’ असे म्हणून ते नाम नसलेल्यालाही नमस्कार करतात. साधकाने यातून इतकेच घ्यावे की कोणतेही एक नाव म्हणजे गूढ शक्ती साठवलेली अक्षरे नव्हेत, आणि म्हणून अमुक नाव अधिक ‘प्रभावी’ का, हा प्रश्न या परंपरेत फारसा अर्थपूर्ण नाही.

जपासाठी मात्र पंथाने एक नाम स्वीकारलेले आहे, आणि ते म्हणजे ‘वाहिगुरू’. शीख विद्वान भाई गुरदास यांनी आपल्या तेराव्या वारेत, म्हणजे दीर्घ काव्यरचनेत, ‘वाहिगुरू गुरमंत्र है जपि हउमै खोई’ असे स्पष्ट म्हटले आहे: वाहिगुरू हा गुरूने दिलेला मंत्र आहे आणि तो जपून अहंता नाहीशी होते. गुरू ग्रंथ साहिबात हे नाम भट्ट कवींच्या सवय्यांमध्ये, म्हणजे स्तुतिपर छंदांमध्ये, येते. नवख्या साधकाने हेच नाम धरावे आणि ते सारखे बदलू नये. आज वाहिगुरू, उद्या हरि, परवा आणखी काही, असे केल्याने पाप लागत नाही, पण मन कोठेच टेकत नाही. उच्चार ‘वाहेगुरू’ असा करावा. देवनागरीत छापलेल्या गुटक्यात, म्हणजे नित्यपाठाच्या छोट्या पोथीत, ‘सतिनामु’, ‘पुरखु’, ‘मूरति’ अशी रूपे दिसतात. त्यांतील शब्दाच्या अखेरचे ऱ्हस्व इकार-उकार बहुधा व्याकरण दाखवण्यासाठी असतात आणि ते ठासून उच्चारायचे नसतात. वाचताना ‘सतनाम’, ‘पुरख’, ‘मूरत’ असे म्हणतात. मराठी डोळ्यांना सवय नसल्याने ही चूक सुरुवातीला हमखास होते, आणि तिच्यावर पुस्तकापेक्षा जाणत्याचा पाठ ऐकणे हाच चांगला उपाय आहे.

मूलमंत्र: जपाआधी समजून घेण्याची गोष्ट

गुरू ग्रंथ साहिबाचा आरंभ मूलमंत्राने होतो आणि पुढे रागांच्या आरंभीही तो पुन्हा पुन्हा येतो. तो असा आहे:

इक ओअंकार सतिनामु करता पुरखु निरभउ निरवैरु अकाल मूरति अजूनी सैभं गुर प्रसादि ॥

परमेश्वर एक आहे. त्याचे नाम सत्य आहे. तो कर्ता आहे आणि सृष्टीत भरलेला आहे. त्याला भय नाही, कोणाशी वैर नाही. तो काळाच्या पलीकडचा आहे, योनीत येत नाही, स्वयंभू आहे. आणि गुरूच्या कृपेने त्याचा लाभ होतो. अमृतसंस्काराच्या, म्हणजे खालसा पंथाच्या दीक्षेच्या, वेळी पंज प्यारे, म्हणजे हा संस्कार करणारे पाच शीख, हा मूलमंत्र ‘गुर प्रसादि’पर्यंत सांगतात आणि दीक्षार्थींकडून मोठ्याने म्हणवून घेतात. काही संप्रदायांत जपासाठी तो पुढील श्लोकासह, म्हणजे ‘नानक होसी भी सचु’पर्यंत म्हणण्याची पद्धत आहे. साधकाने आपल्या संगतीत, म्हणजे उपासनेसाठी जमणाऱ्या समुदायात, जसा म्हणतात तसा म्हणावा. या मुद्द्यावर वाद घालण्यात सकाळ घालवण्याचे कारण नाही.

मूलमंत्र हा ईश्वराच्या स्वरूपाचा परिचय आहे आणि त्यात कोणतीही मागणी नाही. म्हणून तो म्हणण्याची रीतही परिचय करून घेण्याचीच असावी. पाच-सात वेळा सावकाश म्हणावा, आणि प्रत्येक खेपेस एकाच शब्दावर मन ठेवावे: एकदा ‘इक’वर, एकदा ‘करता पुरखु’वर, एकदा ‘सैभं’वर. माझ्या मते यांतील ‘निरभउ’ आणि ‘निरवैरु’ हे दोन शब्द साधकाच्या सर्वाधिक उपयोगाचे आहेत, कारण बाकीचे गुण मानवी आवाक्याबाहेरचे असले तरी भय आणि वैर थोडे तरी कमी झाले की नाही हे दिवसाच्या शेवटी ज्याचे त्याला कळते. ज्याचे चिंतन करावे त्याचे गुण चिंतन करणाऱ्यात उतरतात, ही धारणा गुरबाणीत ठिकठिकाणी आहे, आणि जपाची परीक्षा करायची तर ती येथेच करता येईल.

आधी ऐकावे

जपुजी साहिबात, म्हणजे गुरू नानकदेवजींच्या सकाळी म्हटल्या जाणाऱ्या रचनेत, आरंभीचा आणि अखेरचा श्लोक सोडून 38 पउड्या, म्हणजे कडवी, आहेत. त्यांपैकी आठवी ते अकरावी या चार पउड्या ‘सुणिऐ’ म्हणजे ऐकण्याविषयी आहेत, आणि त्यांच्या लगेच पुढच्या चार पउड्या ‘मंनै’ म्हणजे ऐकलेले मनापासून मानण्याविषयी आहेत. हा क्रम साधनेचाही क्रम समजावा. ज्याला जपुजी पाठ नाही त्याने घाईने तो पाठ करण्याच्या मागे लागू नये. आरंभी रोज एकदा शांत बसून, गुटका समोर धरून, एखाद्या जाणत्या पाठीच्या आवाजातील संपूर्ण पाठ ऐकावा. जपुजीचा पाठ साधारण वीस ते पंचवीस मिनिटांत होतो. डोळे अक्षरांवरून फिरत राहिले आणि कान आवाजावर राहिले की उच्चार, विराम आणि चाल आपोआप बसू लागतात. त्यानंतर दिवसातून एका पउडीचा अर्थ वाचावा, तोही एकच. अर्थ न कळता केलेला पाठ व्यर्थ आहे असे म्हणण्याइतका मी कठोर होणार नाही. पण गुरबाणीचा स्वतःचा आग्रह विचारावर आहे, आणि चौथ्या पउडीतील ‘अमृत वेला सचु नाउ वडिआई वीचारु’ या ओळीत नाम आणि विचार एकत्र आलेले आहेत.

पहाटेची बैठक

अमृतवेळा म्हणजे रात्रीचा शेवटचा प्रहर, उजाडण्यापूर्वीचे तीन तास. चौथे गुरू रामदासजी यांनी शिखाची दिनचर्याच सांगून ठेवली आहे: ‘गुर सतिगुर का जो सिखु अखाए सु भलके उठि हरि नामु धिआवै ॥’ जो स्वतःला सतगुरूचा शीख म्हणवतो त्याने पहाटे उठून हरिनामाचे ध्यान करावे. सूफी संत शेख फरीद अधिक परखड आहेत. रात्रीच्या अखेरच्या प्रहरी जो जागा झाला नाही तो जिवंतपणी मेलेलाच, असे ते म्हणतात. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने 1945 मध्ये मान्य केलेल्या शीख रहित मर्यादा या आचारसंहितेतही हाच क्रम आहे: अमृतवेळी उठावे, स्नान करावे आणि एका अकाल पुरखाकडे, म्हणजे कालातीत परमेश्वराकडे, चित्त लावून ‘वाहिगुरू’ नाम जपावे.

पहाटेची वेळ निवडण्यात मुहूर्ताचा विचार नाही. रहित मर्यादा तिथी, मुहूर्त, ग्रह, राशी, शकुन यांवर विश्वास ठेवू नये असे स्पष्ट सांगते. त्या वेळी बोलावणारे कोणी नसते, दिवसाचे हिशेब सुरू झालेले नसतात, आणि मन तुलनेने रिकामे असते, एवढेच कारण पुरेसे आहे. ज्याला रात्रपाळी असते किंवा घरात आजारी माणूस आहे, त्याने आपल्या झोपेनंतरची पहिली मोकळी वेळ धरावी. मात्र ‘जमेल तेव्हा’ असे ठेवू नये, कारण मग ते बहुधा जमत नाही. एकदम तीन तास आधी उठण्याचा निश्चय करण्यापेक्षा नेहमीच्या वेळेच्या अर्धा तास आधी उठणे आणि ते टिकल्यावर आणखी मागे सरकणे हा मार्ग धोपट असला तरी खात्रीचा आहे. रात्री लवकर झोपल्याशिवाय अमृतवेळा साधत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे.

बसण्यासाठी स्वच्छ जागा आणि आसन पुरते. डोके पटक्याने, रुमालाने किंवा ओढणीने झाकावे, आणि गुटका हातात घ्यायचा असेल तर हात धुतलेले असावेत. गुटका जमिनीवर ठेवू नये. कोणत्याही विशिष्ट दिशेला तोंड करावे लागत नाही. दिवा, धूप, फुले, पाण्याचा कलश यांची गरज नाही, आणि पाठाच्या वेळी कुंभ, ज्योत किंवा नारळ ठेवणे रहित मर्यादेत गुरमताविरुद्ध मानले आहे. मांडी घालून ताठ बसता आले तर उत्तम. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसावे. शरीराला क्लेश देऊन काही साधते असे गुरू मानत नव्हते.

बैठकीची सुरुवात मूलमंत्राने करावी. नंतर ‘वाहेगुरू’ हे नाम मोठ्याने, स्वतःला स्पष्ट ऐकू येईल इतक्या आवाजात, सावकाश म्हणावे. चाल लावायची असेल तर साधी लावावी. तिच्यात फार गुंतागुंत आली की लक्ष नामावरून उडून गळ्यावर जाते. काही मिनिटांनी आवाज आपोआप खाली येतो आणि ओठांतल्या ओठांत जप होऊ लागतो. त्यानंतर कधी केवळ मनात. मोठ्याने, मंद आणि मानसिक असा हा उतार स्वाभाविक आहे, पण तो ओढून आणू नये. मनातला जप श्रेष्ठ म्हणून पहिल्या दिवसापासून तोंड मिटून बसणारे बहुतेक जण थोड्याच वेळात दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत असतात. गुरू नानकदेवजी ‘अजपा जापु’ म्हणतात तो न जपता चालणारा जप या वाटेचा पुढचा टप्पा आहे. तो साधनेचे फळ म्हणून येतो आणि तंत्र म्हणून शिकता येत नाही.

श्वासाबद्दल बराच गोंधळ आढळतो. अनेक संगतींमध्ये श्वास घेताना ‘वाहे’ आणि सोडताना ‘गुरू’ असे शिकवतात. ज्याला ते सोपे जाते त्याने तसे करावे. गुरबाणीत ‘सासि सासि’ म्हणजे श्वासोश्वासी नाम घेण्याचा उपदेश वारंवार येतो, परंतु त्याचा रोख अखंडतेवर आहे, प्राणायामाच्या विशिष्ट प्रकारावर नाही. गुरू नानकदेवजींनी सिद्ध योग्यांशी केलेल्या संवादात हठयोगाच्या क्रियांऐवजी शबदाला गुरू आणि सुरतीला, म्हणजे अंतःकरणाच्या अवधानाला, त्याची शिष्या मानले आहे: ‘सबदु गुरू सुरति धुनि चेला ॥’ काही गटांत जोरजोरात, वेगाने श्वास घेत सिमरन करण्याची रीत आहे. ती जाणत्याच्या सोबतीशिवाय एकट्याने करू नये, आणि चक्कर येऊ लागली तर ताबडतोब थांबून नेहमीचा श्वास घ्यावा.

मन पळते तेव्हा

मन पळणारच. त्याबद्दल गुरबाणीत इतकी पदे आहेत की संतांनाही हा अनुभव चुकलेला नव्हता हे उघड आहे. यावर पहिला उपाय वर दिलेल्या ओळीतच आहे: सुरतीला धुनीची शिष्या करावे, म्हणजे आपण काय म्हणत आहोत ते आपणच ऐकावे. नाम म्हणणारी जीभ आणि ऐकणारा कान यांच्यात मन अडकवून ठेवणे ही सर्व संगतींमध्ये सांगितली जाणारी पहिली आणि शेवटची युक्ती आहे. लक्ष गेल्याचे ध्यानात आले की आवाज किंचित चढवावा आणि पुन्हा त्याच्याकडे यावे. स्वतःवर चिडण्यात आणखी वेळ जातो. तरीही जमत नसेल तर जप थांबवून गुटका उघडावा, एखादी तुक, म्हणजे ओळ, वाचावी, तिचा अर्थ मनात घोळवावा आणि पुन्हा नामाकडे वळावे. जप आणि पाठ हे एकमेकांचे पर्याय नसून एकमेकांचे सोबती आहेत.

डोळे मिटल्यावर एखादे चित्र समोर आणावे का, असा प्रश्न विचारला जातो. शीख परंपरेत ईश्वराची मूर्त कल्पना ध्यानासाठी वापरत नाहीत, आणि गुरूंच्या चित्रांचे ध्यानही करत नाहीत; गुरू म्हणजे शबद, म्हणून ध्यानही शबदाचेच. प्रकाश दिसणे, नाद ऐकू येणे अशा अनुभवांची वाट पाहत बसू नये. आले तर आले, नाही आले तर साधनेत काही उणे राहिले असे नाही.

माळेविषयी कबीरांचा सलोक प्रसिद्ध आहे: ‘कबीर जपनी काठ की किआ दिखलावहि लोइ ॥ हिरदै रामु न चेतही इह जपनी किआ होइ ॥’ लाकडाची जपमाळ लोकांना काय दाखवतोस, हृदयात राम नसेल तर या माळेचा उपयोग काय. काही शीख लोकरीच्या गाठींचे किंवा लोखंडी मण्यांचे ‘सिमरना’ हातात ठेवतात, आणि हाताला काम दिल्याने मन स्थिर राहते असा त्यांचा अनुभव असेल तर त्यात आक्षेपार्ह काही नाही. आक्षेप हिशेबाला आहे. तिसरे गुरू अमरदासजी म्हणतात, ‘राम राम सभु को कहै कहिऐ रामु न होइ ॥’ राम राम तर सगळेच म्हणतात, नुसत्या म्हणण्याने राम भेटत नाही. गुरूच्या कृपेने तो मनात वसला तरच फळ मिळते. म्हणून कोटीच्या जपाच्या नोंदी ठेवण्याची सवय ज्याला आहे, त्याने येथे वही मिटवून ठेवावी आणि मोजायचेच असेल तर घड्याळ पाहून वेळ मोजावी.

नितनेम

सिमरनाला रोजच्या पाठाची चौकट लागते. तिला नितनेम म्हणतात. रहित मर्यादेनुसार सकाळी जपुजी साहिब, जाप साहिब आणि दहा सवय्ये. सूर्यास्तानंतर सोदर रहिरास. आणि झोपण्यापूर्वी सोहिला. अमृतधारी शिखांत अनेक जण सकाळी यांच्या जोडीला बेनती चौपई आणि आनंद साहिबही म्हणतात, आणि मग त्यांना पंज बाणी असे म्हटले जाते. नवख्याने मात्र जपुजी आणि सोहिला या दोन टोकांपासून सुरुवात करावी. सोहिला अवघ्या पाच शबदांचा आहे आणि काही मिनिटांत होतो. दिवसाची अखेर त्याने झाली की पहाटे उठणेही थोडे सोपे जाते. ही दोन्ही अंगवळणी पडल्यावर रहिरास घ्यावे आणि नंतर सकाळच्या उरलेल्या बाण्या.

नामाचा महिमा सलग समजून घ्यायचा असेल तर गुरू अर्जनदेवजींचे सुखमनी साहिब घ्यावे. त्यात 24 अष्टपद्या आहेत, आणि पहिली अष्टपदी संपूर्णपणे सिमरनाविषयी आहे. पूर्ण पाठाला तासाहून अधिक वेळ लागतो, पण रोज एक अष्टपदी अर्थासह वाचली तरी चालते. याच पहिल्या अष्टपदीत सिमरनाने रिद्धी, सिद्धी, नवनिधी लाभतात अशी ओळ आहे, आणि तिचा आधार घेऊन सुखमनीच्या पाठाने अमुक काम होते असे सांगणारे भेटतात. त्याच कडव्यात पुढे ज्ञान, ध्यान आणि तत्त्वबुद्धी यांचीही नावे आहेत, हे मात्र ते सहसा सांगत नाहीत. आजारासाठी हा शबद, कर्जासाठी तो, विवाहासाठी तिसरा, अशा याद्याही फिरत असतात. जंत्र, मंत्र आणि तंत्र यांवर विश्वास न ठेवण्याची आज्ञा रहित मर्यादेतच आहे, त्यामुळे गुरबाणीला तोडग्यासारखे वापरणे म्हणजे ज्या ग्रंथाचा आदर करायचा त्याच्याच शिकवणुकीच्या विरुद्ध जाणे होय. दुःखात असताना गुरूपुढे मन मोकळे करणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी अरदास, म्हणजे प्रार्थना, आहे.

संगत

एकट्याचे सिमरन कोरडे पडण्याचा धोका असतो आणि अहंकाराचाही. ‘सतसंगति कैसी जाणीऐ ॥ जिथै एको नामु वखाणीऐ ॥’ अशी सत्संगतीची व्याख्या गुरू नानकदेवजींनी केली आहे: जेथे एका नामाचेच वर्णन होते ती सत्संगत. आठवड्यातून निदान एकदा गुरुद्वाऱ्यात जावे, डोके झाकून, जोडे काढून, हातपाय धुऊन, गुरू ग्रंथ साहिबापुढे मत्था टेकून संगतीत जमिनीवर बसावे. कीर्तन हेही नामसिमरनच आहे. शबद रागात गायला जातो तेव्हा अर्थ आणि स्वर एकत्र पोहोचतात, आणि भाषा पूर्ण समजत नसली तरी स्थायी पुन्हा पुन्हा कानावर पडल्याने ती तुक दिवसभर सोबत राहते. काही ठिकाणी रागी, म्हणजे कीर्तनकार, ‘वाहेगुरू’ म्हणतात आणि संगत त्याला उत्तर देते, असे सामूहिक सिमरन होते. त्यात आपला आवाज इतरांच्या आवाजात मिसळू द्यावा. नंतर लंगरात बसावे, आणि शक्य असेल तर भांडी घासण्याची किंवा पंगतीत वाढण्याची सेवा करावी; हातांनी सेवा चालू असताना ओठांवर नाम ठेवण्याचा सराव करण्यासाठी त्याहून चांगली जागा नाही.

काम करताना

शीख परंपरा गृहस्थांची आहे. घरदार सोडून नाम जपण्याला तिने मान दिलेला नाही, त्यामुळे बैठक संपल्यावर नामाचे काय करायचे हा प्रश्न तिच्यासाठी मूलभूत ठरतो. त्याचे सर्वांत नेमके उत्तर संत नामदेवांच्या नावावर आहे, आणि ते कबीरांच्या सलोकांत आले आहे. संत त्रिलोचन त्यांना म्हणतात की नामा, तू मायेत गुंतलास. कापडावर छपाई कसली करत बसतोस, रामाकडे चित्त का लावत नाहीस? त्यावर उत्तर येते:

नामा कहै तिलोचना मुख ते रामु सम्हालि ॥ हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि ॥

मुखाने रामाचे स्मरण ठेव, हातपायांनी सर्व काम कर आणि चित्त निरंजनापाशी असू दे. हे कसे साधायचे ते रामकली रागातील नामदेवांच्याच पदात अधिक तपशिलाने सांगितले आहे. मुलगा कागद कापून पतंग करतो, आकाशात उडवतो, पाच जणांशी गप्पा मारतो, पण त्याचे चित्त दोरीवर असते. तरुणी पाणी भरून हसत-बोलत चालतात आणि चित्त घागरीवर असते. गाय पाच कोसांवर चरते आणि चित्त वासरापाशी असते. आई घरात-बाहेर कामात गढलेली असते आणि चित्त पाळण्यातल्या बाळाकडे असते. या चारही उदाहरणांत काम थांबलेले नाही, आणि कामात हयगयही झालेली नाही. कामाखाली एक धागा सतत ताणलेला आहे.

व्यवहारात हा धागा विणायचा तर आधी ज्या कामांना विचार लागत नाही ती निवडावीत: चालणे, प्रवास, भाजी निवडणे, कपडे वाळत घालणे, रांगेत उभे राहणे. अशा वेळी ‘वाहेगुरू’ मनात चालू ठेवावे. ज्या कामात पूर्ण लक्ष हवे, उदाहरणार्थ हिशेब करताना किंवा यंत्र चालवताना, तेथे जप रेटू नये. कामाच्या आरंभी एकदा नाम घ्यावे, शेवटी एकदा घ्यावे आणि मधला वेळ प्रामाणिकपणे काम करावे, कारण किरत हीही आज्ञाच आहे. जेवणापूर्वी, घराबाहेर पडताना, फोन उचलण्यापूर्वी अशा ठरावीक जागी नामाच्या खुणा पेरून ठेवल्या की विसर पडण्याचे अंतर हळूहळू कमी होते. राग आलेल्या क्षणी उत्तर देण्याआधी एकदा नाम घेणे सर्वांत अवघड आहे, आणि ‘निरवैरु’ या शब्दाशी थेट जोडलेलेही आहे. ‘आखा जीवा विसरै मरि जाउ ॥ आखणि अउखा साचा नाउ ॥’ असे गुरू नानकदेवजी म्हणतात: नाम घेतो तेव्हा जगतो, विसरतो तेव्हा मरतो; आणि ते खरे नाम घेणे कठीण आहे. कठीण आहे हे गुरूंनीच मान्य केले असल्याने साधकाने पहिल्या महिन्यातील अपयशाचा बाऊ करू नये.

अमृत आणि अरदास

काही काळ नितनेम स्थिरपणे चालल्यावर ज्याला खालसा पंथात प्रवेश करायचा आहे त्याने अमृत घेण्याचा विचार करावा. गुरू ग्रंथ साहिबाच्या सान्निध्यात पंज प्यारे हा संस्कार करतात, आणि ‘वाहिगुरू’ हा गुरमंत्र तेथे सर्वांना एकत्र, उघडपणे दिला जातो. पैसे घेऊन एकांतात वेगळा मंत्र देऊ पाहणारा कोणी भेटला तर त्याच्यापासून दूर राहावे. शिखांसाठी देहधारी गुरूंची परंपरा 1708 मध्ये नांदेड येथे संपली आणि तेव्हापासून गुरू ग्रंथ साहिब हेच गुरू आहेत. अमृत घेतल्यानंतर नितनेम, पाच ककार (केस, कंगा, कडा, कच्छा, कृपाण) आणि रहित ऐच्छिक राहत नाहीत, म्हणून याबाबत घाई करू नये, आणि घरच्यांशी व संगतीतील अनुभवी लोकांशी बोलून निर्णय घ्यावा.

अमृत घेतलेले असो वा नसो, रोजची बैठक अरदासीने पूर्ण करावी. उभे राहून, हात जोडून, गुटक्यातील अरदास वाचावी. तिच्यात गुरूंचे स्मरण आहे, पंज प्यारे, साहिबजादे (गुरू गोबिंदसिंगजींचे पुत्र) आणि हुतात्मे यांचे स्मरण आहे, आणि टप्प्याटप्प्याने ‘वाहिगुरू’ म्हणण्याच्या जागा आहेत. मग मागण्या येतात: सिक्खी दान, केस दान, रहित दान, बिबेक दान, विसाह दान, भरोसा दान, आणि सर्व दानांच्या शिरोभागी नाम दान. जे आपण सकाळभर जपले तेच येथे दान म्हणून मागायचे असते. ज्याला पूर्ण अरदास अजून येत नाही त्याने मूलमंत्र म्हणून आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत विनंती करावी. शेवटी ‘नानक नाम चढ़दी कला, तेरे भाणे सरबत दा भला’ असे म्हणून मत्था टेकावा, ‘वाहिगुरू जी का खालसा, वाहिगुरू जी की फतह’ म्हणावे, गुटका स्वच्छ रुमालात गुंडाळून उंच जागी ठेवावा आणि कामाला लागावे.